ब्यूनोस आयर्सचा कोरा सातबारा

१३ डिसेंबर २००५ रोजी ब्राझीलने जाहीर केलं की आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं उरलंसुरलं सगळं कर्ज, म्हणजे साधारण साडेपंधरा अब्ज डॉलर, मुदतीच्या दोन वर्षं आधीच एकरकमी फेडून टाकणार. दोनच दिवसांनी शेजारच्या अर्जेंटिनाने तशीच घोषणा केली. रक्कम ९.८ अब्ज डॉलर, तीही एकरकमी.

दोन्हीकडे डाव्या विचारांची सरकारं होती. ब्राझीलचे लुला कारखान्यातल्या लेथवरून कामगार संघटनेत आणि तिथून राष्ट्राध्यक्षपदावर आलेले. त्यांच्या पक्षाच्या मोर्च्यांमध्ये 'फोरा एफएमआय', म्हणजे 'नाणेनिधी चालते व्हा' ही घोषणा वर्षानुवर्षं घुमली होती. अर्जेंटिनाचे नेस्तोर किर्चनेर त्याहून कडक भाषेचे. नाणेनिधीने देशाची माती केली हे ते उघड बोलत. घोषणा झाली तेव्हा ब्यूनोस आयर्सच्या राष्ट्राध्यक्ष भवनात टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्यानंतरच्या वीस वर्षांत ब्राझीलने कर्जासाठी नाणेनिधीचा उंबरा पुन्हा ओलांडलेला नाही. अर्जेंटिना मात्र नाणेनिधीचा जगातला सर्वांत मोठा कर्जदार होऊन बसला आहे.

एकाच आठवड्यात दोघांनी सातबारा कोरा करायची घोषणा केली आणि पुढे वाटा एवढ्या फाकल्या, त्या का? मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्याकडे देशांच्या कर्जाची चर्चा बहुतेक वेळा एकाच आकड्यापाशी येऊन थांबते: कोणी किती फेडलं आणि कोण कितव्यांदा दारात उभा राहिला. पाकिस्तान नाणेनिधीकडे गेला की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर लगेच हिशेब फिरतो, आपण २००० सालीच सगळं फेडून मोकळे झालो आणि ते अजून झोळी घेऊन उभे. हिशेब खोटा नाही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. फेडलं की नाही यावरून देशाची प्रकृती कळत नाही. कशातून फेडलं आणि फेडल्यावर वहीखातं कोणाला दाखवलं, यावरून कळते.

आधी एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं उलगडणार नाही. नाणेनिधी, जागतिक बँक, आंतर-अमेरिकी विकास बँक यांच्यासारख्या बहुराष्ट्रीय संस्थांचं कर्ज सहसा कोणी बुडवत नाही. हा कुठे लिहिलेला कायदा नाही, पाळला जाणारा रिवाज आहे. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवली, तेव्हाही या संस्थांचे हप्ते त्यातून वगळले होते. पेट्रोलसाठी लोक दिवसचे दिवस रांगेत उभे होते, आणि जागतिक बँकेचा हप्ता मात्र जात होता. कारण उघड आहे. बाकी सगळ्यांनी दरवाजे लावले की ज्याच्या दारात जायचं, त्याचे पैसे बुडवून चालत नाही. अर्जेंटिनाने एकदा करून पाहिलं होतं. नोव्हेंबर २००२ मध्ये जागतिक बँकेच्या ८० कोटी डॉलरच्या हप्त्यापैकी फक्त व्याज भरलं. सप्टेंबर २००३ मध्ये नाणेनिधीचा २.९ अब्ज डॉलरचा हप्ता चुकवला. तो दोन दिवसांत, नवा करार पदरात पडताच, भरून टाकला.

दुसरं म्हणजे हे कर्ज स्वस्त असतं. अटी जाचक असतात, पण बाजारात जे व्याज पडेल त्याच्या मानाने दर कमी. म्हणजे २००५ च्या डिसेंबरात दोन्ही देशांनी काय केलं? हातातल्या कर्जांपैकी स्वस्तातलं कर्ज आधी फेडलं. ब्राझीलमध्ये तेव्हा मध्यवर्ती बँकेचा व्याजदर १८ टक्क्यांवर होता, सरकार देशातल्या रोख्यांवर जवळपास तेवढं व्याज मोजत होतं, आणि हातातले डॉलर मात्र नाणेनिधीला परत करत होतं. घरी महाग व्याजाचा सोनार आणि स्वस्त पीककर्ज देणारी गावची सोसायटी, दोघांचं देणं असेल तर शहाणा माणूस आधी सोनाराचं भागवतो. या दोघांनी सोसायटीचं भागवलं. निव्वळ आकडेमोडीत हे बसत नाही. त्यांना पैसे वाचवायचे नव्हते, वॉशिंग्टनहून येणारी नाणेनिधीची तपासणी पथकं थांबवायची होती. राजकारणात या गोष्टीला किंमत असते, आणि ती अजिबात नाकारता येत नाही.

अर्जेंटिनाचा राग तर फार खरा होता. १९९१ पासून एक पेसो म्हणजे एक डॉलर असा विनिमयदर कायद्याने बांधून ठेवलेला. त्याने महागाई थांबली, पण निर्यात गुदमरली आणि कर्ज वाढत गेलं. हा खांब पोखरला आहे हे दिसत असूनही नाणेनिधी शेवटपर्यंत पैसे ओतत राहिला. मग डिसेंबर २००१ मध्ये अचानक हात आखडता घेतला. लोकांच्या बँकखात्यांवर निर्बंध, रस्त्यावर दंगली, राष्ट्राध्यक्ष हेलिकॉप्टरमधून निघून गेले, दोन आठवड्यांत पाच राष्ट्राध्यक्ष. पुढच्या वर्षी निम्म्याहून जास्त लोकसंख्या दारिद्र्यरेषेखाली गेली. २००४ मध्ये नाणेनिधीच्याच स्वतंत्र मूल्यमापन कार्यालयाने संस्थेच्या चुकांची कबुली देणारा अहवाल काढला. कबुली दिली म्हणून कोणाची बुडालेली ठेव परत आली नाही. अशा देशाच्या नेत्याने 'यांचे पैसे तोंडावर फेका' म्हटलं, तर मी त्याला वेडा ठरवणार नाही.

बरेच दिवस मी असं समजत होतो की फरक पैशाच्या उगमात आहे. ब्राझीलकडे खरोखर पैसे होते आणि अर्जेंटिनाने तिजोरी खरवडून दिले, असं सरळ चित्र माझ्या डोक्यात होतं. ब्राझीलच्या बाबतीत ते बरोबर आहे. चीनला लोहखनिज आणि सोयाबीन जात होतं, २००५ चा व्यापारी वाढावा ४४ अब्ज डॉलरच्या वर होता, आणि साडेपंधरा अब्ज देऊनही परकीय चलनाच्या गंगाजळीत ५० अब्जांहून जास्त शिल्लक राहिले. अर्जेंटिनाने ३ जानेवारी २००६ रोजी प्रत्यक्षात साडेनऊ अब्ज डॉलर दिले तेव्हा त्यांच्या २८ अब्जांच्या गंगाजळीतला तिसरा हिस्सा एका दिवसात गेला. पण आकडे पुढे वाचत गेलो तेव्हा माझंच चित्र मला बदलावं लागलं. कारण वर्ष संपायच्या आत ती गंगाजळी पुन्हा भरली, उलट वाढली. सोयाबीनचे भाव चढे होते, अर्थव्यवस्था वर्षाला आठ-नऊ टक्क्यांनी वाढत होती, अंदाजपत्रकात आणि व्यापारात दोन्हीकडे शिल्लक होती. थोडक्यात, अर्जेंटिनालाही ते कर्ज फेडणं परवडत होतं.

मग चुकलं कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणं फेडण्याच्या कृतीत नाहीत, तिच्या आजूबाजूला आहेत.

पहिलं, पैसे काढायची रीत. अर्जेंटिनाच्या सरकारने मध्यवर्ती बँकेतून डॉलर उचलले आणि त्यांच्या जागी एक रोखा ठेवला. दहा वर्षांचा, आणि कोणालाही विकता न येणारा. रोखा म्हणायचं इतकंच. ती खरं तर 'देईन कधीतरी' अशी चिठ्ठी होती. एकदा केलं असतं तर विशेष काही नव्हतं. पण एकदा हा चोरदरवाजा सापडला की रोज त्याच वाटेने ये-जा सुरू होते. २००९ च्या डिसेंबरात नेस्तोर यांच्या पत्नी आणि त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या क्रिस्तिना किर्चनेर यांच्या सरकारने आणखी साडेसहा अब्ज डॉलर अशाच चिठ्ठीवर मागितले. मध्यवर्ती बँकेचे प्रमुख मार्तिन रेद्रादो यांनी नकार दिला, तर त्यांनाच हटवलं. त्यानंतर विचारणारं कोणी उरलं नाही. २०११ च्या सुरुवातीला गंगाजळी ५२ अब्जांवर होती, २०१५ च्या अखेरीस २५ अब्जांवर आली, आणि बँकेच्या तिजोरीत सरकारच्या चिठ्ठ्यांचा ढीग साचला. आणखी एक गंमत. नाणेनिधीला स्वस्त कर्ज परत करून मोकळ्या झालेल्या या देशाने व्हेनेझुएलाच्या ह्युगो चावेस यांना रोखे विकले. २००८ च्या ऑगस्टमधल्या विक्रीत व्याज पडलं १५ टक्क्यांच्या आसपास. साम्राज्यवाद्यांकडून सुटका झाली खरी, पण मित्राचा दर सावकाराचा निघाला.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कर्जदार असो वा नसो, नाणेनिधीच्या प्रत्येक सभासद देशाची नियमित आर्थिक तपासणी होते. भारताची होते, अमेरिकेची होते. कर्ज फेडल्यावरही ब्राझील ती करून घेत राहिला. अर्जेंटिनाने २००६ नंतर दहा वर्षं तपासणी पथकाला दार उघडलं नाही. २००७ च्या जानेवारीत महागाईचे आकडे काढणाऱ्या सरकारी सांख्यिकी संस्थेत हस्तक्षेप झाला, महागाई मोजणाऱ्या विभागाच्या प्रमुखांना बाजूला केलं गेलं. पुढची अनेक वर्षं सरकारी महागाई एक आणि बाजारातली दुसरीच. स्वतःचे अंदाज प्रसिद्ध करणाऱ्या खासगी अर्थतज्ज्ञांना दंड ठोठावले गेले. २०१३ च्या फेब्रुवारीत नाणेनिधीने आकड्यांवरून अर्जेंटिनाची अधिकृत निर्भर्त्सना केली. असा ठराव नाणेनिधीच्या इतिहासात त्याआधी कोणत्याही देशाविरुद्ध झाला नव्हता.

त्या खोट्या आकड्यामागे साधा स्वार्थही होता. देशाच्या बऱ्याच रोख्यांचं व्याज महागाईच्या निर्देशांकाला बांधलेलं होतं. महागाई कमी दाखवली की देणं कमी. यात फसला कोण? परदेशी गुंतवणूकदार फसले हे खरं, पण आपलं निवृत्तिवेतन अशा रोख्यांत अडकलेला अर्जेंटिनाचा म्हाताराही फसला. सार्वभौमत्वाच्या नावाने जी वही बंद केली, ती आधी घरच्यांसाठी बंद झाली.

ब्राझीलची आरती मात्र मी ओवाळणार नाही. तिथल्या सरकारने कर्ज फेडताना नाणेनिधीची भाषा मनातून काढलीच नाही. व्याज सोडून अंदाजपत्रकात सकल उत्पन्नाच्या सव्वाचार टक्के शिल्लक ठेवायची अट नाणेनिधीच्या करारात होती. मार्च २००५ मध्ये करार संपला, तरी अट तशीच पाळली गेली. लुलांच्या पक्षातल्या अनेकांना हा विश्वासघात वाटला आणि मला त्यांचं दुःख समजतं. शिवाय देशातल्या रोखेधारकांना ब्राझील इतकं व्याज मोजतो की त्यापुढे नाणेनिधी धर्मादाय संस्था वाटावी. २०२५ मध्ये तिथला मुख्य व्याजदर १५ टक्क्यांवर गेला. एक सावकार गेला, दुसरा घरातच बसला आहे. फरक एवढाच की हा घरातला सावकार देशाचंच चलन, रेआल, घेतो, डॉलर मागत नाही. २०१५-१६ मध्ये ब्राझील भीषण मंदीत होता, पतमानांकन घसरलं होतं, राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग चालला होता. तरीही डॉलरसाठी कोणाचे पाय धरावे लागले नाहीत, कारण गंगाजळीत साडेतीनशे अब्जांहून अधिक होते. २००५ नंतरची शांत, कंटाळवाणी वर्षं तिथे अशी कामाला आली.

आपल्या खेड्यांत मार्च महिना आला की एक शब्द कानावर पडतो: नवं-जुनं. सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याजात सवलत मिळते आणि पुढचं कर्ज मिळतं. हातात पैसे नसतात. मग कोणाकडून तरी आठ दिवसांसाठी हातउसने घ्यायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज उचलायचं आणि त्यातून हातउसने परत करायचे. कागदोपत्री शेतकरी बेबाक. गटसचिव खूश, बँक खूश, वसुली शंभर टक्के. रानात मात्र एक दाणाही जास्त उगवलेला नसतो.

अर्जेंटिनाचं २०१८ नंतरचं प्रकरण मी वाचतो तेव्हा मला हे नवं-जुनंच दिसतं. मौरिसिओ माक्री यांच्या उजव्या सरकारने २०१८ मध्ये ५० अब्ज डॉलरचा करार केला आणि काही महिन्यांत तो ५७ अब्जांवर नेला. नाणेनिधीच्या इतिहासात एका देशाला मंजूर झालेलं तोवरचं ते सर्वांत मोठं कर्ज. त्यातले ४४ अब्ज हातात पडले, आणि बराचसा पैसा देशाबाहेर पळणाऱ्या भांडवलाला वाट करून देण्यातच खर्ची पडला. २०२१ मध्ये नाणेनिधीने स्वतःच मान्य केलं की कार्यक्रमाची उद्दिष्टं साध्य झाली नाहीत. मोठी रक्कम घेणाऱ्यांवर लागणारा अधिभारही अर्जेंटिनाच्याच माथी सर्वांत जास्त. इथे कर्ज देणारा कर्ज घेणाऱ्याइतकाच दोषी आहे. माझ्या दृष्टीने थोडा जास्तच, कारण त्याच्याकडे २००१ ची फाईल होती.

मार्च २०२२ मध्ये नवा करार झाला, पुन्हा ४४ अब्ज डॉलरचा. कशासाठी? मुख्यतः २०१८ चं कर्ज नाणेनिधीलाच फेडण्यासाठी. आणि २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तर हातउसन्याचं दर्शनच घडलं. जुलैअखेरचा हप्ता २.७ अब्ज डॉलरचा. त्यातला एक अब्ज लॅटिन अमेरिकेच्या विकास बँकेकडून तात्पुरता घेतला, उरलेले १.७ अब्ज चीनबरोबरच्या चलन अदलाबदलीतल्या युआनमधून दिले. ऑगस्टच्या सुरुवातीचा हप्ता कतारकडून ७७ कोटी डॉलर उचलून भरला. मग २३ ऑगस्टला नाणेनिधीने साडेसात अब्ज मोकळे केले आणि त्यातून मधल्या मदतनीसांचे पैसे परत गेले. एका बहुराष्ट्रीय संस्थेचा हप्ता दुसऱ्या बहुराष्ट्रीय संस्थेच्या कर्जातून, तोही पहिल्या संस्थेकडून नवं कर्ज मिळेपर्यंत. नोंदवहीत मात्र सगळे हप्ते वेळेवर. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष हावियेर मिलेई यांनी आणखी २० अब्जांचा करार केला, तो अर्जेंटिनाचा तेविसावा. डावे, मधले, उजवे, करवत हातात घेऊन प्रचार करणारे, सगळ्यांच्या सह्या या वहीत आहेत.

या गोष्टीची एक बाजू मुंबईपर्यंत येते. ब्राझील आणि अर्जेंटिनापाठोपाठ इंडोनेशियासारखे इतर मोठे कर्जदारही मुदतीआधी पैसे परत करून निघून गेले. नाणेनिधीचा स्वतःचा खर्च तेव्हा मुख्यतः कर्जदारांच्या व्याजावर चालत असे. गिऱ्हाईकच उरलं नाही म्हटल्यावर दुकान चालवणं अवघड झालं, शेकडो कर्मचारी कमी करावे लागले, आणि ४०३ टन सोनं विकायचं ठरलं. त्यातलं निम्मं, २०० टन, ऑक्टोबर २००९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने ६.७ अब्ज डॉलरला विकत घेतलं. त्याच्या अठरा वर्षं आधी, १९९१ च्या जुलैत, याच रिझर्व्ह बँकेने जवळपास ४७ टन सोनं गहाण ठेवायला मुंबईहून परदेशी धाडलं होतं. विमानतळाकडे जाताना एका गाडीचं टायर फुटलं आणि सगळ्यांचे श्वास अडकले, असं त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी पुढे सांगितलं आहे. २००९ मध्येच ब्राझीलनेही नाणेनिधीला १० अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. आता नाणेनिधीला कर्ज देणं किती झोकदार वाटतं, अशी थट्टा लुलांनी केली होती.

भारताने १९९१ नंतरचं नाणेनिधीचं कर्ज २००० च्या मे महिन्यात संपवलं. त्या दिवशी कोणी ढोल वाजवल्याचं मला आठवत नाही. हप्ते ठरल्याप्रमाणे जात होते, एक दिवस संपले. गाजावाजा नसणं हे सद्गुण म्हणून सांगत नाही. तेव्हाच्या सरकारला त्यात मतं दिसली नसतील इतकंच. पण मधल्या नऊ वर्षांत आकडे वादग्रस्त असले तरी प्रसिद्ध होत होते, त्यांवर संसदेत भांडणं होत होती, वर्तमानपत्रं तुटून पडत होती. आपली आकडेवारी हल्ली कधी उशिरा येते, कधी जनगणनाच लांबते, तेव्हा मला वॉशिंग्टनची नाही, ब्यूनोस आयर्सच्या त्या सांख्यिकी संस्थेची आठवण येते.

'सातबारा कोरा करा' ही मागणी महाराष्ट्राने कितीतरी निवडणुकांत ऐकली आहे. ज्याच्या उताऱ्यावर बोजा आहे त्याला ती मागणी का करावीशी वाटते हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. पण बोजा उतरल्यावर पाच वर्षांनी तोच उतारा पुन्हा काढून पाहायला फारसं कोणी जात नाही, आणि देशांच्या बाबतीतही तेच होतं. अर्जेंटिनाच्या २०२२ च्या कर्जाचे मुद्दलाचे हप्ते २०२६ मध्ये सुरू होऊन २०३४ पर्यंत चालणार आहेत. २०२५ मध्ये घेतलेल्या कर्जाचे त्यानंतरही.